मधुमेह नसताना काळं पडलेलं बोट : तासगावच्या एका बागायतदाराचं प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांचा, तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातला. दीड एकर द्राक्षबाग, घरात आई, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो दवाखान्यात आला तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकावर जखम होती. आकाराने लहान, कडा कोरड्या, तळाशी पिवळट पापुद्रा. शेजारच्या बोटाचं टोक काळसर झालेलं. ओल्या बुटात दिवस काढणाऱ्या माणसाला आधी चिखल्याच वाटतात, त्यामुळे सुरुवातीला मेंदी आणि हळद लावून झाली. मग मेडिकलमधलं मलम. मग कोणीतरी म्हणालं, शुगर बघ. शुगर दोनदा बघितली, उपाशीपोटी ९२ आणि ९५. पायाचं बोट काळं पडलं की आपल्याकडे मधुमेह सोडून दुसरं काही सुचत नाही, आणि शुगर बरोबर निघाली की घरदार निर्धास्त होतं. इथेही तेच झालं. आणखी आठ-दहा दिवस गेले.

कधीपासून दुखतं, किती दुखतं, असं विचारलं तर तो "हाय जरा" याच्या पुढे जाईना. बोलली ती त्याची बायको. "म्हैना होत आला, ह्यास्नी आडवं झोपल्यालं बघितलं न्हाई. रातभर पाय खाटंखाली सोडून बसत्यात, आन् विडीवर विडी वडत्यात."

निम्मं निदान तिनेच केलं. पाय आडवा ठेवला की ठणकतो आणि खाली सोडला की उतार पडतो, म्हणजे रक्त बोटापर्यंत स्वतःच्या जोरावर पोचत नाही, त्याला उताराची मदत लागते. मग मागचं उकरून काढलं. वर्षभरापूर्वी बागेत दोन-तीन ओळी चाललं की तळव्याच्या मधल्या भागात कळ यायची, जरा बसलं की जायची. त्यावर चप्पल बदलून बघितली होती. पावसाळ्यात पोटरीवर एक शीर लाल, कडक, दुखरी झाली आणि आपोआप विरली. आदल्या थंडीत फवारणीसाठी टाकीत औषध कालवताना हाताची बोटं पांढरी पडायची, मग निळी. या तिन्ही गोष्टी त्याने कोणालाही सांगितल्या नव्हत्या, कारण त्याच्या लेखी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

गुडघ्यामागची नाडी दोन्ही पायांत ठणठणीत. उजव्या पावलावरची आणि घोट्यामागची नाडी मात्र लागलीच नाही. पाय वर उचलून धरला तर अर्ध्या मिनिटात तळवा पांढराफटक, खाली सोडला तर लालभडक. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर साधारण १ च्या आसपास असायला हवं, ते उजवीकडे ०.४८ भरलं. शेवटी हात बघितले. मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून, करंगळीकडची मोकळी केली तर डाव्या पंजात रक्त परत यायला फार वेळ लागला. पायाच्या तक्रारीत हात तपासायचं बऱ्याचदा राहून जातं. पण चरबी साठून होणाऱ्या धमनीविकारात हाताच्या धमन्या सहसा वाचतात. इथे हातही धरला होता.

मिरजेला सीटी अँजिओग्राफी (धमन्यांची आतून चित्रं काढणारी तपासणी) झाली. गुडघ्यापर्यंतच्या धमन्या स्वच्छ, भिंती गुळगुळीत. गुडघ्याखाली मात्र जागोजागी बंद, आणि बंद जागेभोवती वळणावळणाच्या बारीक पर्यायी वाहिन्या. कोलेस्टेरॉल बेताचं, हृदयात गुठळी नाही, संधिवाताच्या गटातल्या आजारांच्या चाचण्या निगेटिव्ह. निदान : बर्जरचा आजार.

लिओ बर्जर या डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली कापलेले ११ अवयव तपासून या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पन्नाशीच्या आतला माणूस, बहुतेक वेळा पुरुष, आणि तंबाखू. तंबाखूशिवाय हा आजार जवळपास दिसतच नाही. हातापायांच्या लहान आणि मध्यम धमन्यांना सूज येते, आत गुठळी बसते आणि ती तिथेच पक्की होते. भारतात विडी ओढणाऱ्या कष्टकरी माणसांत तो आजही भेटतो. विडीत तंबाखू थोडी असते खरी, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात, आणि निकोटीन, टार, कार्बन मोनॉक्साइड हे सगळं सिगारेटच्या तुलनेत जास्तच पोटात जातं. "साधी विडी हाय, सिग्रेट न्हाई" हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा जात नाही.

रुग्णाला हे समजावताना ठिबकचा उपयोग झाला. मेन लाइनला पाणी भरपूर आहे, पण लॅटरल (झाडांपर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या) चोंदल्यात, त्यामुळे टोकाचं झाड वाळतंय. तो लगेच म्हणाला, "मग ॲसिड सोडून धुता येत न्हाई का?" प्रश्न रास्त होता. या आजारात धुऊन काढण्यासारखं फारसं नसतं. पुढची धमनीच शिल्लक नसल्यामुळे बायपास जोडायला जागाही क्वचित मिळते. आजार पुढे सरकू द्यायचा नाही, एवढंच हातात असतं.

आजार वर्षभर अंगात होता, मग जखम नोव्हेंबरच्या शेवटीच का झाली? मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस या प्रश्नात आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फळछाटणी झाली. नोव्हेंबरच्या मध्याला बाग फुलोऱ्यात, आणि नेमका तेव्हा अवकाळी पाऊस. ज्याने द्राक्ष केलंय त्याला पुढचं सांगायला नको. घडकूज, पाठोपाठ डावणी (बुरशीसारखा रोग), सकाळ-संध्याकाळ फवारणी, पहाटे मांडवाखाली चिखलात उभं राहणं. सोसायटीचं कर्ज थकलेलं, औषधाच्या दुकानाची उधारी वाढत चाललेली, आदल्या हंगामात माल उचललेल्या दलालाने निम्मे पैसे बुडवलेले. झोप तीन-चार तास. विडीचं एक बंडल दिवसाला पुरायचं, तिथे दोन लागायला लागली. पंधरवड्यात बोट काळं.

ताण आणि निकोटीन हे शरीरात दोन वेगळ्या दारांनी शिरतात आणि एकाच ठिकाणी पोचतात. चिंता वाटली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अनुकंपी (सिंपथेटिक, धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या) चेतातंतूंना काही सेकंदांत इशारा जातो. त्यांच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात धावतं आणि त्वचेच्या, बोटांच्या लहान धमन्या आवळतात. संकटात रक्त मोठ्या स्नायूंकडे वळावं अशी ही जुनी सोय आहे. झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि हीच साखळी खालून चालू करतं, संकट नसताना. निरोगी माणसाच्या धमनीत ऐसपैस जागा असते, ती आवळली तरी बोटाला कळत नाही. याच्या बोटाला रक्त जात होतं ते उरल्यासुरल्या बारीक वाहिन्यांतून. त्या आवळल्या की मागे काही उरत नव्हतं.

शिवाय धूर धमनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून धमनी सैल ठेवतं, ते काम मंदावतं. रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात. ताणातल्या अ‍ॅड्रिनलिननेही त्या चिकटच होतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं आणि ते निम्मं उतरायला चार-पाच तास लागतात. दोन बंडलं ओढणाऱ्याला तेवढी उसंत दिवसभरात मिळतच नाही.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. बोटाला चिकटवायचा छोटा तापमापक माझ्याकडे होता. दुसऱ्या भेटीला तो आला तो बाहेरच्या लिंबाखाली विडी विझवूनच. हाताच्या मधल्या बोटाचं तापमान २६.५ अंश. खोली उबदार, अंगावर स्वेटर, काही न बोलता बसवून ठेवला. अर्ध्या तासाने ३०.८. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सोसायटीचा हप्ता कधी आहे? तो बोलायला लागला. दलालाचं नाव निघालं, बँकेतल्या खेपा निघाल्या, मेहुण्याकडून घेतलेले पैसे निघाले. सात-आठ मिनिटं झाली असतील. आकडा २८.१ वर आला होता. या वेळात विडी नव्हती, थंडी नव्हती, बोट जागचं हललं नव्हतं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे निस्ता इचार केला तरी?"

जखम न भरण्यातही दोघांचा वाटा असतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने १९९५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या बायका आणि त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सतत वाढलेलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) सूज आणि दुरुस्तीच्या पेशींना आवरून धरतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. ती माणसं चांगल्या रक्तपुरवठ्याची होती. इथे रक्तही कमी, प्राणवायूही कमी आणि झोपही नाही.

आता विडी सोडण्याचं. माझ्याआधी त्याला तीन डॉक्टरांनी "विडी सोडा" सांगितलं होतं आणि तिघांचंही बरोबर होतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "टेन्शन हाय तवर न्हाई सुटायची. विडीबिगार डोकंच चालत न्हाई." घरातल्यांचंही मत हेच : आधी कर्ज फिटू दे, मग विडी सुटेल. हा क्रम मला मान्य नव्हता, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. द्राक्षवाल्यांच्या घरी फवारणीची वही असते, कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती मात्रा. त्याच वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक विडीची वेळ आणि कारण लिहायला सांगितलं. कमी करायची नाही, फक्त लिहायची.

वही बोलकी निघाली. पहिली विडी उठल्यावर पाच मिनिटांच्या आत, रोज. पुढच्या विड्या चाळीस-पन्नास मिनिटांच्या अंतराने, जवळजवळ घड्याळ लावल्यासारख्या. कारणाच्या रकान्यात "टेन्शन" हा शब्द सगळ्यात जास्त वेळा. पण ज्या दिवशी पुतणीचं लग्न ठरलं आणि घरात पेढे आले, त्या दिवशीही विड्या तेवढ्याच, त्याच अंतराने. कारणाचा रकाना मात्र त्या दिवशी रिकामा.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते उतरायला लागलं की बेचैनी, चिडचिड, छातीत धडधड, कशात लक्ष न लागणं सुरू होतं. हुबेहूब चिंतेसारखं. विडी पेटवली की ते थांबतं, आणि माणसाला वाटतं विडीने चिंता घालवली. विडीने घालवली ती आधीच्या विडीने आणलेली चिंता. कर्ज, पाऊस, दलाल हे खरं दुःख खाली तसंच पडून असतं, वर दर पाऊण तासाने या बेचैनीचा एक थर. मी त्याच्या दुःखाला खोटं म्हणत नाही. त्यातला किती भाग विडीचा, एवढंच वेगळं काढायचं होतं. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता, आणि हा फरक नैराश्याच्या गोळ्यांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. "विडी सोडली तर टेन्शनने मरेन" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

एक प्रश्न सरळ विचारायला हवा होता आणि विचारला : जीव नकोसा होतो का? बायको बाहेर गेल्यावर तो म्हणाला, कधीकधी. बागायतदाराच्या घरात काय काय ठेवलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. त्याच दिवशी भावाला बोलावलं, औषधांच्या खोलीला कुलूप लावून किल्ली भावाकडे दिली, आणि सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घातला. तिथे दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. पायाच्या जखमेचा पेशंट मानसोपचाराला कशाला, असं आई म्हणाली. तिला तापमापकाची गोष्ट त्यानेच सांगितली.

नैराश्य मध्यम ते तीव्र होतं. बुप्रोपिऑन सुरू केलं. ते नैराश्यावरही चालतं आणि तंबाखूची ओढही कमी करतं; झटके येण्याचा इतिहास नसल्याची खात्री आधी करावी लागते. निकोटीनचं च्युइंगगम किंवा पट्टी एरवी चांगली, पण बर्जरच्या आजारात नुसतं निकोटीनही आजार धुमसत ठेवू शकतं, म्हणून टाळली. गोळी सुरू करून आठवड्याने विडी बंद करायचा दिवस धरला. शेजाऱ्याने लगेच तोडगा काढलाच, विडीऐवजी तंबाखू-चुना मळ. महाराष्ट्रात हा सल्ला मिळणारच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. या आजाराला मात्र तंबाखू कुठल्या वाटेने आली याच्याशी देणंघेणं नाही. मशेरीही नाही.

मिरजेच्या शल्यविशारदांनी वेदनाशामकं, धमन्या सैल करणारी औषधं आणि ड्रेसिंग सुरू केलं. चुलीजवळ किंवा शेकोटीला पाय शेकायला सक्त मनाई केली. बधिर पाय भाजला तरी कळत नाही आणि त्या भाजण्यातूनच कित्येकांचा पाय गेला आहे. कमरेच्या भागातल्या अनुकंपी चेतातंतूंच्या गाठी काढायची शस्त्रक्रियाही सुचवली. ती काय असते हे ऐकून तो म्हणाला, "म्हंजे टेन्शनची वायरच तोडायची?" जवळजवळ तसंच. त्याने पायाच्या धमन्या सैल राहतात, वेदना कमी होते, काहींची जखम भरते. पण विडी चालू राहिली तर गुठळ्या व्हायच्या थांबत नाहीत, आणि हात तर तसेच राहतात. शस्त्रक्रिया थोडी लांबवायची ठरली.

जानेवारीत अंगठ्याशेजारचं काळं पडलेलं बोट काढावं लागलं. ते वाचणार नव्हतंच. त्या दिवशी वॉर्डात त्याला एकच आकडेवारी सांगितली. क्लीव्हलँड क्लिनिकच्या ११२ रुग्णांच्या मालिकेत तंबाखू पूर्ण सोडलेल्यांपैकी ९४ टक्क्यांना अवयव कापावा लागला नाही. चालू ठेवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना एक किंवा अधिक वेळा कापावा लागला. वैद्यकात इतका स्वच्छ फरक क्वचित दिसतो.

विडी बंद केल्यावर पहिले तीन दिवस फार वाईट गेले. बायकोच्या भाषेत, "भांडायला कारण बी लागत न्हवतं." तिसऱ्या आठवड्यापासून तो रात्री आडवा झोपायला लागला. हे वेदना कमी झाल्यामुळे की रात्रीचं निकोटीन बंद झाल्यामुळे, सांगणं कठीण, दोन्ही असावं. पैशाच्या बाजूनेही काही हललं. भाऊ आणि तो मिळून सोसायटीत बसले, कर्जाचं पुनर्गठन झालं. उरलेला माल दलालाला न देता बेदाण्याला टाकला. कर्ज यातून फिटलं नाही, पण पुढच्या हप्त्याची तारीख माहीत असणं आणि नसणं यात झोपेचा फरक पडतो, असं त्यानेच सांगितलं.

मार्चमध्ये मेहुण्याशी पैशावरून भांडण झालं आणि विडी परत आली. दिवसाला दोन, फार तर तीन. दोन बंडलांवरून तीन विड्यांवर आलो, म्हणजे जमलंच की, असा त्याचा हिशेब होता, आणि हृदयाच्या रुग्णांतही मी तो बऱ्याचदा ऐकतो. या आजारात दिवसाला एक-दोन विड्याही आजार जिवंत ठेवायला पुरतात. आठवड्याच्या आत रात्रीचा ठणका परत आला, अंगठ्याची भरत आलेली जखम पुन्हा ओली झाली. कोणी काही बोलण्याआधी तोच दवाखान्यात आला. गोळीचा डोस तपासला, राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा नंबर दिला. भांडण किंवा पैशाचा फोन झाला की लगेच दहा मिनिटं, मिनिटाला सहाच श्वास अशा संथ लयीत बसायचं ठरवलं. त्यावर तो हसला, पण तापमापक लावून करून बघितल्यावर आकडा दीड अंशाने वर गेला, तेव्हा थांबला.

जून अखेर अंगठ्याची जखम बंद झाली. ऑक्टोबरच्या छाटणीला तो स्वतः बागेत उभा होता, कोरडे मोजे आणि नवे गमबूट घालून. मोजे दुपारी बदलायचे हे बायकोने अंगावर घेतलं आहे. उजवीकडचं गुणोत्तर ०.४८ वरून ०.६१ वर आलं आहे. बंद धमन्या उघडलेल्या नाहीत, पर्यायी वाहिन्यांनी तेवढं काम उचललं. लघवीतल्या कोटिनिनच्या (निकोटीन शरीरात गेल्याची खूण) दोन चाचण्या निगेटिव्ह आल्या, मार्चनंतरच्या. अनुकंपी शस्त्रक्रियेची गरज सध्या नाही. बुप्रोपिऑन मानसोपचारतज्ज्ञांनी हळूहळू थांबवलं. फुलोऱ्याच्या महिन्यात मात्र त्यांनी दर पंधरा दिवसांनी बोलावलं आहे, पाऊस पडो न पडो. डाव्या हाताची तपासणी अजून होती तशीच आहे, तिथे करंगळीकडची धमनी बंदच. त्या हाताचं डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) एप्रिलच्या खरड छाटणीनंतर करायचं ठरलं आहे.